समुद्राचा प्राणवायू जमिनीवर ठरतो

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, पोषणद्रव्यांनी समृद्ध पाणी किनाऱ्यालगत वर येते. त्यावर प्लवक वाढते आणि प्लवकावर केरळ-कर्नाटकची मासेमारी पोसली जाते. मात्र या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरला की हवेतील प्राणवायू खाली पोहोचत नाही. कुजणारे प्लवक उरलासुरला प्राणवायूही संपवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळ विषारी हायड्रोजन सल्फाइडही आढळतो.

ही अवस्था मुळात नैसर्गिक आहे. अरबी समुद्राच्या खोलीत प्राणवायू अत्यल्प असल्याची नोंद ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरील जॉन मरे मोहिमेने 1933-34 मध्येच केली होती. म्हणून ‘हे पूर्वापार चालत आले आहे’ असा शेरा मारून विषय मिटवता येणार नाही. किनाऱ्यालगतची ही टंचाई तीव्र होत असल्याचा निष्कर्ष गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये मांडला, जमिनीवरून येणारा नायट्रोजन हे त्यांनी सुचवलेले संभाव्य कारण. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आधीच काठावर असलेल्या समुद्राला एवढा भारही जड आहे. मासे अशा पाण्यातून दूर जातात. छोट्या होडीचा मच्छीमार त्यांच्यामागे किती दूर जाणार?

तापमानवाढ एकट्या भारताच्या हाती नाही. नायट्रोजन बराचसा आहे. 2010 मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्याबाहेर ठेवला गेला. 45 किलोची गोणी करांव्यतिरिक्त 242 रुपयांना मिळत असताना अतिवापराचा दोष शेतकऱ्याला देणे अन्यायाचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकडेवारीनुसार शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. खते एका मंत्रालयाकडे, सांडपाणी नगरपालिकांकडे, 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांकडे, समुद्राचे संशोधन आणखी कोणाकडे. पाण्यातील प्राणवायूचे उत्तरदायित्व मात्र कोणाच्याच कार्यसूचीत नाही.

इतिहासातील एक दाखला आशा देतो. डॅन्यूबमधून वाहून आलेल्या खतांमुळे काळ्या समुद्राच्या वायव्य भागात प्राणवायूचा तुटवडा पसरला होता. 1990 नंतर पूर्व युरोपातील अर्थव्यवस्था कोसळल्या, खतांचा वापर घटला आणि काही वर्षांतच ते पाणी सावरू लागले. तिथे जे आर्थिक अरिष्टाने घडले, ते आपण विचारपूर्वक घडवू शकतो. युरिया टप्प्याटप्प्याने पोषणद्रव्याधारित अनुदानात आणावा आणि वाचलेली रक्कम थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावी. किनारी शहरांच्या प्रक्रिया केंद्रांना नायट्रोजन काढण्याची अट घालावी. किनाऱ्यावरील प्राणवायूच्या नोंदी पर्जन्यमानासारख्या नियमित प्रसिद्ध व्हाव्यात. पावसाचा हिशेब आपण दीड शतक ठेवत आलो आहोत. त्याच पावसाबरोबर समुद्रात काय वाहून जाते, याचाही हिशेब आता ठेवायला हवा.