वणवा, वारा आणि परभाषा

अमेरिकेतील एखाद्या कम्युनिटी कॉलेजचे माहितीपत्रक चाळणाऱ्या भारतीय प्राध्यापकाला प्रथम खटकते ती त्यातील विषयांची सरमिसळ. अग्निशमन दलातील नेतृत्व, प्राथमिक जर्मन, हवामानशास्त्राची ओळख हे अभ्यासक्रम तेथे एकाच छपराखाली, आणि पुष्कळदा एकाच संध्याकाळी, शिकविले जातात. विद्यापीठीय शिस्तीत वाढलेल्या मनाला हे ज्ञानाचे मंदिर न वाटता किराणा मालाचे दुकान वाटते. ज्याला जे हवे ते त्याने मोजून न्यावे, दुकानदाराला मालामालांतील नात्याशी कर्तव्य नाही, असा काहीसा हा प्रकार दिसतो. हा ग्रह तपासून पाहण्याजोगा आहे. कारण या तीन विषयांपैकी कोणता ठेवावा व कोणता काढावा, असा प्रश्न आज तेथे उभा आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा याच ग्रहाच्या आधारे दिले जाते.

या संस्थेचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय तिचे स्वरूप नीट समजत नाही. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला आपल्या गावीच पुरी करता यावीत, एवढाच तेव्हाचा हेतू होता. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ केली, आणि गावोगावच्या प्रौढ, नोकरदार व अल्पवित्त माणसांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडे ठेवण्याची कल्पना पुढे मांडली. व्यवसायशिक्षण आणि सामान्य शिक्षण यांची सांगड हा त्या कल्पनेचा गाभा होता. अग्निशमन हा विषय या महाविद्यालयांत स्थिरावला, त्यालाही स्वतंत्र कारण होते. त्या देशातील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. दिवसा अन्य उद्योग करून ते घंटा वाजताच धावतात. आगीच्या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय अग्निशमन अकादमीचा पाया घातला गेला. तेव्हापासून या व्यवसायाला पुस्तकी बैठक देण्याच्या प्रयत्नाला वेग आला, आणि त्या प्रयत्नाचे स्वाभाविक घर म्हणजे संध्याकाळी वर्ग भरविणारे गावचे महाविद्यालय.

तिघांपैकी संकटात असलेला विषय अर्थातच जर्मन. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सर्वाधिक शिकविली जाणारी आधुनिक परकीय भाषा हीच होती. युद्धकाळात ती शत्रूची भाषा ठरली. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये लहान मुलांना परकीय भाषा शिकविण्यास बंदी घालणारा कायदा केला. दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचावयास शिकविल्याबद्दल एका शिक्षकाला शिक्षा झाली, आणि ती रद्द करण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. न्यायालयाने १९२३ मध्ये शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. आज कायद्याचा बडगा नाही. त्याची जागा पटसंख्येच्या तक्त्याने घेतली आहे. अमेरिकेच्या उच्च शिक्षणात परकीय भाषा शिकणाऱ्यांची संख्या २०१६ ते २०२१ या अवधीत १६.६ टक्क्यांनी घटली, आणि जर्मनची घट तर एकतृतीयांशाच्या घरात गेली. एकदा द्वेषाने जे साधू पाहिले, ते आता हिशेबाने साधत आहे. अग्निशामकाला प्रमाणपत्र लागते, हवामानशास्त्राने विज्ञानाची अट पुरी होते. जर्मनने काय होते, असा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भाषेच्या वर्गात जाण्याचे कारण नाही. अग्निशमनाच्या वर्गातच ते सापडते. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यात मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा पेटला होता. हवाई छत्रीने उतरलेले पंधरा जवान आणि त्यांना येऊन मिळालेला एक वनरक्षक ही तुकडी नदीच्या दिशेने उतरत असताना वाऱ्याच्या जोराने आग घळीच्या तोंडाशी आली, आणि वाळलेल्या गवतातून चढावर त्यांचा पाठलाग करू लागली. तुकडीचा नायक वॅग्नर डॉज याने अवजारे टाकून द्यावयास सांगितले. मग त्याने एक विलक्षण गोष्ट केली. समोरच्या गवताला त्याने स्वतःच काडी लावली, आणि जळून गेलेल्या त्या तुकड्यात येऊन आडवे होण्याचा इशारा सहकाऱ्यांना दिला. जे आधीच जळाले आहे ते पुन्हा जळत नाही, हा त्यातील साधा विचार. परंतु त्याच्यामागे कोणीही गेले नाही. डॉज राखेत पालथा पडून वाचला. आणखी दोघे कड्यातील फटीतून निसटले. उरलेले तेरा जण प्राणास मुकले.

डॉजचा निर्णय चुकला नव्हता. चुकली होती ती त्याची आणि त्याच्या माणसांची भाषा. त्याने जे केले त्याला त्या तुकडीच्या शिक्षणात नाव नव्हते. नाव नसलेली कृती धावणाऱ्या माणसाला क्षणार्धात समजावून सांगता येत नाही. आगीपासून पळणाऱ्यांना आपला नायक नवी आग लावताना दिसला, आणि तो वेडा झाला असावा असे वाटणे स्वाभाविक होते. या घटनेचा सर्वांत चिकाटीचा शोध कोणी अग्निशमन अधिकाऱ्याने घेतलेला नाही, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. तो घेतला नॉर्मन मॅक्लेन यांनी. शिकागो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी संघटनाशास्त्रज्ञ कार्ल वाइक यांनी त्याच्या आधारे लिहिलेल्या निबंधात, त्या घळीत माणसांच्या आधी अर्थबोध कोसळला असे प्रतिपादन केले. शोकांतिकेचा अभ्यासक अग्निशामकांच्या वाचनसूचीत जाऊन बसला, तो असा.

मॅन गल्चनंतर अशाच आणखी दुर्घटना घडल्या, आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यासाठी दहा स्थायी आज्ञा तयार झाल्या. त्यांपैकी एक हवामानाची स्थिती व अंदाज यांची सतत माहिती ठेवण्याविषयी आहे. दुसरी सांगते की सूचना स्पष्ट द्याव्यात आणि त्या ऐकणाऱ्याला कळल्या आहेत याची खात्री करून घ्यावी. म्हणजे हवामानशास्त्र आणि भाषाव्यवहार हे दोन्ही विषय अग्निशमनाच्या मूलमंत्रातच बसलेले आहेत. तरीही ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल येथे गडगडाटी ढगांतून सुटलेल्या वाऱ्यांनी वणव्याचे तोंड फिरविले आणि एकोणीस जवान दगावले. शेवटच्या अर्ध्या तासाहून अधिक काळात त्यांची हालचाल काय होती, याची खात्रीलायक माहिती चौकशी अहवालालाही देता आली नाही. वारा बदलणार याचा अंदाज होता. माणसे कुठे आहेत याविषयीचे शब्द मात्र वेळेवर पोहोचले नाहीत.

'सूचना कळली याची खात्री करून घ्यावी' हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. ते अंगी बाणविणारा अनुभव कोणता? परभाषा शिकणे हा तो अनुभव आहे. स्वभाषेत माणूस बोलला की समजले, असे गृहीत धरून चालतो. परभाषेच्या पहिल्याच इयत्तेत हे गृहीतक गळून पडते. जर्मनमध्ये गौण वाक्यातील क्रियापद शेवटी येते; ते येईपर्यंत श्रोत्याला धीर धरावा लागतो, घाईने अर्थ लावून चालत नाही. आपण म्हटले ते आणि दुसऱ्याने ऐकले ते यांत अंतर असते, हे ज्याने लाजून, अडखळून अनुभवले, तो हुकूम देताना एकदा थांबून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहील, असे मानावयास जागा आहे.

हवामानशास्त्राशी तर या भाषेचे नाते उघडच आहे. डोंगर ओलांडून खाली उतरणाऱ्या उष्ण व कोरड्या वाऱ्याला भूगोलाच्या मराठी पुस्तकांतही 'फॉन' म्हणतात. आल्प्सच्या जर्मन बोलणाऱ्या खोऱ्यांतील तो शब्द आता अशा सर्व वाऱ्यांचे जातिनाम झाला आहे, आणि हेच वारे वणवे भडकवितात. हवामानाचे प्रकार पाडणारी कोपेन यांची पद्धती जर्मनमध्येच मांडली गेली. खंडवहनाचा सिद्धांत मांडणारे वेगेनर व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ होते. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने ढगांना नावे दिली, तेव्हा त्या नावांनी भारावून जाऊन हवामानावर निबंध लिहिणारा गृहस्थ गटे होता. किराणा दुकानातील या तीन पुड्या एकाच शेतात पिकल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की अग्निशामक जर्मनच्या वर्गात प्रत्यक्षात क्वचितच बसतो. मग करदात्याने आठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचा भार का सोसावा? आक्षेप खोटा नाही. महाविद्यालयाकडील पैसा मोजका असतो आणि बंबाच्या प्रशिक्षणाची सामग्री महाग असते. परंतु ज्या संस्थेत भाषेचा शिक्षक उरलेला नाही, तेथे मॅन गल्च हा नकाशा, उतार आणि वेग यांचा प्रश्न म्हणून शिकविला जाईल. तेरा माणसांनी एक शब्द का ऐकला नाही, हे विचारणारा कोणी असणार नाही. विषय शेजारी असतात तेव्हा प्रश्नही शेजारून येतात. उपाय वर्ग बंद करण्यात नाही. तो दोन विभागांनी एक धडा मिळून शिकविण्यात आहे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही.

भारतालाही हा विचार परका राहिलेला नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुदुच्चेरी व तमिळनाडूत कम्युनिटी कॉलेजची कल्पना रुजू लागली, आणि २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ती देशभर नेली. परंतु नाव घेताना भर कौशल्य आणि रोजगार यांवर पडला. जोलिएटच्या वारशाचा दुसरा अर्धा भाग मागे राहिला. एकट्या महाराष्ट्राचे उदाहरण बोलके आहे. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आहे. पुण्यात हवामान खात्याची कार्यालये १९२८ पासून आहेत, आणि त्याच शहरात विद्यापीठात व मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकविली जाते. तिन्ही विद्या हाताशी आहेत, पण एकाच दारातून तिन्हींकडे जाता येईल अशी वास्तू नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कामी आले. त्या दिवशी दरवर्षी देशभर त्यांना मानवंदना दिली जाते. मराठीच्या किंवा तमिळच्या एखाद्या प्राध्यापकाने त्या दिवसाकडे मॅक्लेन यांच्या नजरेने पाहावे, आणि त्याचे लेखन जवानांच्या वर्गात वाचले जावे, अशी व्यवस्था आपल्याकडे अजून व्हावयाची आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यवसायशिक्षण आणि विद्याशाखा यांच्यातील भिंत पाडण्याचे अभिवचन दिले आहे. ते खरे व्हावयाचे तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी शिल्लक असले पाहिजे. पटसंख्येच्या तक्त्यात बसत नाही म्हणून भाषेचा वर्ग बंद करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, अमेरिकेत असो वा भारतात, एवढे तरी आठवावे की मॅन गल्चच्या उतारावर अवजारे पुरेशी होती. कमी पडला तो एक समजलेला शब्द.