सतरा सप्टेंबरची ओळ

दिनविशेषाच्या सदरात १७ सप्टेंबरखाली अनेक नोंदी आढळतात. प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म १८८५ साली याच दिवशी झाला; कविवर्य वसंत बापट २००२ साली याच दिवशी निवर्तले. परंतु मराठवाड्यातील वाचकाची दृष्टी प्रथम जाते ती १९४८ च्या ओळीवर : हैदराबाद संस्थान मुक्त झाले. ही ओळ वाचून पान उलटणे सोपे आहे. तिचा अर्थ उमगावयाचा, तर कनेरगाव नाक्यासारख्या गावाकडे पाहिले पाहिजे.

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना हे गाव लागते. आज येथे मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. तेव्हा निजामाचा अंमल संपून वऱ्हाड लागे. संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात घेतली जाई. १५ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाडात तिरंगा फडकला. मात्र तीच भाषा बोलणारी, त्यांच्याशीच सोयरीक असणारी अलीकडची माणसे आणखी तेरा महिने पारतंत्र्यात राहिली. स्वातंत्र्य शेताच्या बांधाशी येऊन थांबले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तो बांध आपोआप ओलांडला गेला नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक तुरुंगात गेले. उमरखेडसारख्या सरहद्दीपलीकडील छावण्यांतून तरुण लढले. रझाकारांच्या जुलुमाने गावे उठली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली.

या लढ्यास केवळ धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांस आम्ही एका संपादकाचे स्मरण देऊ इच्छितो. 'इमरोज'चे शोएबुल्ला खान यांनी भारतातील विलीनीकरणाचा निर्भयपणे पुरस्कार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. मुक्तीची पहाट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तसेच, पोलिस कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांचा जो संहार झाला, त्याची नोंद भारत सरकारनेच धाडलेल्या सुंदरलाल समितीने केली. तो अहवाल मात्र कित्येक दशके जनतेपासून दूर राहिला. रझाकारांचा निषेध ज्या न्यायाने करावयाचा, त्याच न्यायाने या कृत्यांचाही केला पाहिजे. अर्धे सत्य सांगणारा उत्सव हुतात्म्यांचा गौरव करीत नाही.

१९४८ साली अठरा वर्षांचे असलेले आज नव्वदी ओलांडून गेले आहेत. सरहद्दीवरील प्रत्येक शाळेने या दिवशी झेंडावंदनाबरोबरच गावातील अशा वृद्धांच्या आठवणी, त्यांतील कटू भागासह, लिहून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. नाका आता गावाच्या नावातच उरला आहे. तो का होता आणि कोणी उठविला, हे पुढच्या पिढीस ठाऊक असले, तरच दिनविशेषातील त्या एका ओळीस अर्थ राहील.