निकाहनामा उर्दूत, सातबारा मराठीत

मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या गावात लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. कधी लिहून घ्यायलाही.

गेल्या ईदनंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन कागद घेऊन आली. एक मुबारतनामा, म्हणजे दोघांच्या राजीखुशीने झालेल्या तलाकचा करार. तिने मेहर सोडला, बदल्यात राहतं घर तिचं झालं. खाली पंचांच्या सह्या. दुसरा कागद त्याच घराच्या प्लॉटचा सातबारा. त्यावर मालक म्हणून माजी नवऱ्याचं नाव आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याने तलाकच्या आधी काढलेल्या कर्जाचा बोजा. हप्ते थकलेले, बँकेची नोटीस दारावर चिकटवलेली.

“सर, हा कागद तुम्हीच लिहिला होता ना?”

हो, मीच लिहिला होता. चांगल्या उर्दूत, बिस्मिल्लाहपासून सह्यांपर्यंत. त्या दिवशी सातबारा मागून पाहण्याचं मात्र मला सुचलं नाही. पंचांनाही नाही.

आपल्यात समजूत अशी की पंचांसमोर बोललं म्हणजे झालं. तोंडी हिबा आपल्या कायद्याला मान्य आहे, हे खरं. पण त्यासाठी नुसता शब्द पुरत नाही, ताबाही द्यावा लागतो. शिवाय मेहरच्या बदल्यात घर दिलं की तो निव्वळ हिबा राहत नाही. कोर्टं त्याला विक्रीसारखाच व्यवहार मानतात आणि त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त लागतो. बँकेचं तर त्याहून सरळ आहे. तलाक नवरा-बायकोत झाला, बँकेशी नाही. गहाण मालमत्तेबरोबर चालतं, घरात कोण राहतं ते पाहत नाही.

बोजा उतरवण्याची वाट तशी अवघड नाही. कर्ज फेडायचं, बँकेचा ना-देय दाखला घ्यायचा, ई-हक्कवर किंवा तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. पण दाखला मिळतो कर्जदाराला, आणि कर्जदार पुण्यात. माहेरच्यांनी पैसे जमवून कर्ज फेडलं तरी मालकाचं नाव बदलायला त्याची सही हवीच. पत्नीला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. नोंदणीचा खर्च वेगळा. आता ती त्याची पत्नी नाही, म्हणून ती सवलतही नाही.

आणि तिने सोडलं काय? 1986 च्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे मेहर, लग्नात मिळालेल्या वस्तू आणि पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद हा तिचा हक्क आहे. ही तरतूद फक्त इद्दतच्या तीन महिन्यांपुरती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतिफी खटल्यात 2001 मध्ये स्पष्ट केलं. एवढा हक्क तिने माझ्या सुंदर अक्षरातल्या कागदावर सोडून दिला. मेहर गेला आणि घरही आलं नाही.

शरियत मोठी की कायदा, यावर आपण रात्र-रात्र बोलतो. इथे दोघांचं म्हणणं एकच आहे. बायकोला दिलेलं परत घेऊ नका, असा सूरह निसामध्ये हुकूम आहे. सातबाऱ्यावर आपलं नाव ठेवून घर ‘दिलं’ म्हणणं हे परत घेणंच नाही का?

म्हणून पंचांना आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तलाकचा कागद लिहायला बसण्याआधी ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक समोर ठेवा. बोजा किती, तो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत फेडणार, हे लिहा. घराचा दस्त आधी नोंदवा, मेहर सोडल्याची सही त्यानंतर घ्या. मुलीच्या बापाला हे विचारायची लाज वाटते. पंचांनी विचारलं तर वाटणार नाही.

कुरआनची सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती नमाजवर नाही, रोज्यावर नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, हा तिचा विषय. इतकी वर्षं मी ती वाचत आलो. त्यातला लिहिणारा म्हणजे मी, हे दारावरची नोटीस पाहिल्यावर कळलं.

तो बकरी ईदला गावी येतो म्हणतात. या वेळी दस्ताचा मसुदा मी मराठीत तयार ठेवला आहे.