काळाचा क्रम आणि नाटकाचा धर्म

स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थी स्वतः एकांकिका लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अलीकडे त्यांपैकी बऱ्याच एकांकिकांत मध्येच दिवे मंद होतात, पात्र शून्यात पाहू लागते आणि कथा दहा वर्षे मागे जाते. असे का, म्हणून विचारले तर उत्तर मिळते, "सर, ही नवी पद्धत आहे; चित्रपटांत असेच दाखवितात."

ही पद्धत नवी नाही. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सोफोक्लीसने 'ईडिपस राजा' हे नाटक रचिले. त्याचा आरंभ होतो तेव्हा घोर अपराध घडून कित्येक वर्षे लोटलेली असतात. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे. पूर्वीच्या राजाचा वध कोणी केला, याचा ईडिपस शोध घेतो, आणि एकेक साक्ष निघता निघता अपराधी आपणच, हे त्यास उमगते. रंगभूमीवरील काळ पुढे सरकतो. कथा मात्र मागे मागे जाते.

आपल्याकडे आठव्या शतकात भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिले. पहिल्या अंकात राम व सीता आपले गतायुष्य चित्रांत पाहतात. पुढे सीतात्याग होतो, बारा वर्षे उलटतात. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक नाटकातच सादर होते, आणि त्यागानंतर सीतेने जे भोगले ते राम प्रेक्षक होऊन पाहतो व मूर्च्छित पडतो.

विसाव्या शतकात, १९३७ साली, प्रिस्टले या इंग्रज नाटककाराने 'टाइम अँड द कॉनवेज' या नाटकात पहिला अंक १९१९ सालात ठेविला, दुसरा जवळजवळ वीस वर्षांनंतरचा, आणि तिसऱ्यात पुन्हा पहिल्याच रात्री परत आणले. त्या तरुणांचे पुढे काय होणार हे ठाऊक झाल्यामुळे तिसऱ्या अंकातील त्यांचे हसणेच काळजाला घरे पाडते.

या तिघांनीही काळाचा क्रम हौसेखातर मोडलेला नाही. दडलेले सत्य उघड व्हावे म्हणून सोफोक्लीसने तो उलगडत मागे नेला. ज्याने त्याग केला त्यानेच त्याचे फळ डोळ्यांनी पाहावे म्हणून भवभूतीने भूतकाळ पुन्हा उभा केला. गेलेला काळ खऱ्या अर्थाने गेलेला नसतो, ही जाणीवच या तंत्राचे मूळ होय, असे माझे मत आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, कथा मागे नेण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारा : ती जुनी घटना माझ्या पात्राचा आजही पिच्छा पुरवीत आहे काय? असेल, तर खुशाल मागे जा. नसेल, तर गोष्ट सरळ सांगा. सरळ सांगितलेली गोष्ट मुळीच कमी प्रतीची नसते.