झोपेची पट्टी आणि खरी झोप

युरोपातल्या रस्त्यांवर मालवाहू ट्रक चालवायचा, एवढाच खेळ. शत्रू नाही, शर्यत नाही, बंदूक नाही. माल जोडायचा, नकाशा सांगेल त्या रस्त्याने निघायचं, डिझेल भरायचं, टोल द्यायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आणला. संगणकावरचे बहुतेक खेळ दोन-तीन वर्षांत विस्मरणात जातात. हा अजून जोमात आहे, कारण कंपनी त्यात सतत भर घालत राहते. कधी नवा देश, कधी नवा ट्रक, तर २०२१ मध्ये मित्रांसोबत ताफ्याने गाडी हाकण्याची सोय. त्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये काय हवं, ही खेळाडूंची न संपणारी चर्चा असते.

कुणाला खरा हिवाळा हवा असतो, चाकाखाली घसरणाऱ्या बर्फासकट. कुणाला व्हीआर चष्म्यातून केबिन नीट दिसायला हवी असते. बस चालवायला मिळावी, ही फार जुनी मागणी. २०२५ मध्ये कंपनीने तसा विस्तार जाहीर केला, तेव्हा खेळाडूंना झालेला आनंद समजण्यासारखा आहे. या गर्दीत आणखी एक मागणी कमी आवाजात, पण नेमाने येत असते. चालकाचा थकवा खरा वाटला पाहिजे, ही ती मागणी. वैद्यकीय दृष्टीने बघितलं तर बर्फापेक्षा आणि बसपेक्षा हीच जास्त मोलाची आहे. पुरी करायलाही बहुधा हीच सगळ्यात अवघड.

आज खेळात थकवा म्हणजे एक पट्टी आहे. युरोपचा नकाशा १:१९ या प्रमाणात आखलेला आहे आणि महामार्गावर घड्याळही त्याच बेताने पळतं. खेळातले दहा-बारा तास खेळाडूच्या खुर्चीत अर्ध्या-पाऊण तासात संपतात. तोवर पट्टी हळूहळू सरकत असते. संपत आली की इशारा, मग जांभईचा आवाज, मग पडदा क्षणभर काळा होऊ लागतो. खेळाडू विश्रांतीच्या जागी गाडी लावतो, एक कळ दाबतो, रात्र सरते आणि चालक ताजातवाना. ज्याला ही कटकट नको, तो सेटिंगमध्ये जाऊन थकवा बंदही करू शकतो. खऱ्या चालकाला ही सोय असती तर!

ही मागणी करणारे खेळाडू बहुतेकदा युरोपच्या कायद्याकडे बोट दाखवतात. युरोपीय संघाचा ५६१/२००६ क्रमांकाचा नियम असा की साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची सुट्टी घ्यायची. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आठवड्याला ५६ तास आणि सलग दोन आठवडे मिळून ९०. रोजची विश्रांती अकरा तासांची, काही वेळा ती नऊवर आणता येते. हे सगळं ट्रकमधला टॅकोग्राफ नोंदवतो आणि पोलिस रस्त्यात गाडी थांबवून ती नोंद तपासू शकतात. हा टॅकोग्राफ खेळात आणा, साडेचार तासांचं घड्याळ लावा, असं खेळाडू म्हणतात. तो आला तर खेळ नक्कीच अधिक खरा होईल. पण कायदा तास मोजतो आणि शरीर झोप मोजतं. या दोन हिशेबांमधल्या फटीतच अपघात होतात.

माणसाला झोप का येते, याचं उत्तर एका पट्टीत मावत नाही. निदान दोन पट्ट्या लागतील. पहिली जागेपणाची. जितका वेळ माणूस जागा, तितका मेंदूत अॅडिनोसिनसारख्या द्रव्यांचा साठा वाढतो आणि झोपेचा दाब चढत जातो. दुसरी शरीरातल्या घड्याळाची. तिला जागेपणाशी देणंघेणं नाही. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान ती तळाला जाते आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा थोडी खाली येते. सकाळी नऊ वाजता चौथ्या तासाला असलेला चालक आणि पहाटे साडेतीन वाजता चौथ्या तासाला असलेला चालक टॅकोग्राफच्या लेखी सारखेच. रस्त्यावर ते सारखे नसतात. खेळातही आज दोघांची पट्टी सारखीच सरकते.

जागेपणाची किंमत किती, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. त्यांनी लोकांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा मोजून दारू दिली. दोन्ही वेळा संगणकावर हात-डोळ्यांच्या समन्वयाची तीच चाचणी घेतली. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरली होती. २४ तासांनंतर ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्य फुंकून मोजता येतं. झोप मोजणारं तसं यंत्र रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात नाही.

पट्टीची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. ती खेळाडूला दिसते. खऱ्या झोपाळलेल्या माणसाला आपली पट्टी दिसत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी आवर्जून सांगितला जातो. काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक ढासळत गेलं, अगदी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं. पण ‘तुम्हाला किती झोप येतेय’ असं विचारलं की उत्तर सुरुवातीचे काही दिवस वाढून मग जवळपास तिथेच थांबायचं. आपल्याला सवय झाली, असं त्यांना वाटत होतं. दवाखान्यात ‘मला पाच तास पुरतात’ असं छातीठोक सांगणारी माणसं डॉक्टरांना रोज भेटतात. त्यातल्या बहुतेकांची गत याहून वेगळी नसावी.

खऱ्या थकव्यात जांभई येईल, पण इशाऱ्याचा क्रम पाळला जाईलच असं नाही. मेंदू काही सेकंद परस्पर झोपून घेतो. डोळे अर्धवट उघडे, हात स्टिअरिंगवर. ही सूक्ष्म झोप. युरोपात अवजड ट्रकचा वेग ताशी ९० किलोमीटरला बांधलेला असतो, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी चालकाविना. शंभर मीटरनंतर जागा झालेला माणूस ‘मला झोप लागली होती’ असं सांगेलच असं नाही, कारण त्याला ते बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

थकव्याबद्दल हे जे कळलं, त्यातलं बरंचसं कळायला सिम्युलेटरच कामाला आले आहेत. झोपाळलेल्या माणसाला खऱ्या रस्त्यावर सोडणं शक्य नाही, म्हणून संशोधक त्याला नकली गाडीत बसवतात आणि तो पांढरी रेघ किती वेळा ओलांडतो ते मोजतात. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठातल्या रेनर आणि हॉर्न यांनी असंच केलं. गार वारा आणि रेडिओ, या चालकांच्या दोन लाडक्या उपायांचा परिणाम त्यांना फारच थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा आढळला. उपयोगी पडली ती कॉफी आणि लगेच घेतलेली पंधरा मिनिटांची डुलकी, दोन्ही एकत्र. कॅफिनला अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर डुलकी होऊन जाते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. ढाब्यावर चहा पिऊन तडक निघणारा चालक अर्धाच उपाय करतो.

खेळात हे आणणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य मुळीच नाही. पहाटे पट्टी वेगाने सरकावी, दिवसा अर्धवट झोप झाली तर ती पूर्ण भरू नये, काही दिवसांचं कर्ज साठत जावं. जागं झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं चालकाची प्रतिक्रिया मंद असावी, कारण झोपेची गुंगी प्रत्यक्षात लगेच उतरत नाही. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असलेल्या चालकाची रात्र नऊ तासांची असूनही उपाशीच राहते. युरोपात २०१५ अखेरपासून वाहन परवाना देताना या आजाराचा विचार करणं बंधनकारक आहे. आणि ज्या खेळाडूंना डॅशबोर्डवरचा प्रत्येक दिवा खऱ्या ट्रकसारखा हवा असतो, त्यांनी एक गोष्ट हक्काने मागावी. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या वाहनांमध्ये चालकाची सुस्ती ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे.

व्हीआरची मागणी जाता जाता. चष्मा घालून गाडी चालवली की काहींना मळमळतं, घाम फुटतो. डोळे सांगतात आपण वेगात आहोत आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत बसलो आहोत. मेंदूला हा विसंवाद पचत नाही. पडदा अडखळता असला की त्रास वाढतो, म्हणून अपडेटमध्ये चित्र सुरळीत व्हावं ही अपेक्षा रास्तच आहे. ज्याला बस लागते, त्याने पहिल्या दिवशी दहा मिनिटांतच चष्मा काढावा.

असे खेळ आपल्याकडच्या मुलांनाही अनोळखी नाहीत. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मोबाइलवरचा खेळ भारतात खूप खेळला जातो आणि त्यातल्या बसला एसटीच्या लाल परीचा रंग चढवणारी मराठी पोरं भरपूर आहेत. फलक, खिडक्यांच्या पट्ट्या, हॉर्न, सगळं हुबेहूब हवं असतं. चालकाच्या ड्युटीचे तास कुणी हुबेहूब मागताना दिसत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात आपल्याकडेही दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता. स्वतःचा एकच ट्रक घेऊन फिरणारा मालक-चालक त्याच्या बाहेर राहायचा. आणि जिथे कायदा लागू होता, तिथेही तास लिहून ठेवणारं यंत्र गाडीत नसेल तर भरवसा नोंदवहीवरच असायचा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वळणं कमी, गावं दूर, समोर एकसारखा रस्ता. मेंदूला गुंगवायला एवढं पुरतं, त्यासाठी रात्रच असावी लागते असंही नाही.

बसचा विस्तार हाती आल्यावर थकव्याचा प्रश्न खेळातही जड होईल. ट्रकमध्ये मागे माल असतो, त्याचं नुकसान टक्क्यांत मोजतात आणि पैसे कापून घेतात. बसमध्ये मागे माणसं झोपलेली असतील. पहाटे साडेतीनला खेळाने पडदा काळा करून सूचना द्यावी, की काहीच न सांगता चार सेकंदांसाठी स्टिअरिंग निकामी करावं? दुसरा पर्याय शरीराशी प्रामाणिक आहे. तो आला तर खेळाडू चिडतील, ‘हे अन्यायकारक आहे, आधी काहीच कळलं नाही’ अशा तक्रारी येतील आणि बरेच जण सेटिंगमध्ये जाऊन थकवा बंद करतील.

खुर्चीतल्या खेळाडूच्या थकव्यासाठी मात्र कुठलं सेटिंग नाही. हे खेळ बहुधा रात्री, कामं आणि अभ्यास आटोपल्यावर सुरू होतात. एक फेरी, मग आणखी एक. पडद्यावरचा चालक त्या वेळात तीन-चार वेळा नऊ-नऊ तास झोपून उठतो. खेळाडू दोन वाजता पडतो, सातला उठतो आणि आठला खरी दुचाकी रस्त्यावर काढतो.