विमानाला लांबी भरताना

आमच्या महाविद्यालयात छंद म्हटला म्हणजे कविता, नाटक, फार तर गडकिल्ले. प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग चिकटवीत बसणे हा एकोणीस वर्षांच्या मुलाचा छंद असू शकतो, हे कोणी मानायला तयार नाही. ‘पोरखेळ’ हा शब्द मी वर्षभरात इतक्यांदा ऐकला आहे, की आता दोन शब्द लिहिणे भाग आहे.

विमान आहे ‘कॅटलिना’. पाण्यावर उतरणारे, दोन इंजिनांचे, दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन बनावटीचे. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाने हा डबा आणला. प्रमाण १:७२. मूळ विमानाचे पंख १०४ फूट, माझे ४४ सेंटिमीटर. हे प्रमाण एकदा डोक्यात बसले की हाताला आपोआप शिस्त लागते. सांध्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली तर खऱ्या विमानात ती साडेतीन सेंटिमीटर होते, म्हणजे बोटे आत जातील एवढी! म्हणून लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा भरायची. मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी पारदर्शक फुगे आहेत, टेहळणीसाठी. तिथे झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने फुगा पांढुरका होतो. तिथे साधा पांढरा गोंद आणि भरपूर धीर हवा.

माझे वडील होड्या बांधतात. शाळा चौथीपर्यंत. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे ‘फी भरून पोरगा खेळणी करतो’ असे वाडीत बोलले जाणारच. पण वडिलांनी ते धड उचलले, तळावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “हय ही पायरी कित्याक रे? पाणी अडतला मां.” पुस्तकात मला जे दोन पाने वाचून कळले होते, ते त्यांच्या अंगठ्याला क्षणात कळले. होडीच्या तळाला पायरी नसते, कॅटलिनाला असते. कारण होडीला पाण्यातच राहायचे आहे, विमानाला पाणी सोडायचे आहे. सपाट तळाला वेगात पाणी चिकटून ओढून धरते. पायरीपाशी ते तुटते, खाली हवा शिरते आणि मग विमान सुटते. आमच्या कला शाखेत असले अंगठ्याचे ज्ञान कोणत्याही पेपरात बसत नाही. माझ्या मते हे पेपरांचे दुर्दैव आहे.

एक मित्र म्हणतो, युद्धाची यंत्रे सजवणे म्हणजे युद्धाचे कौतुक करणे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. डब्यावरच्या चित्रात विमान नेहमी जिंकत असते. म्हणूनच मी बुडालेले विमान करायला घेतले आहे.

४ एप्रिल १९४२. सिलोनच्या कोग्गला या खाडीतून कॅनडाच्या हवाई दलाची एक कॅटलिना टेहळणीला गेली. वैमानिक लिओनार्ड बिर्चाल. संध्याकाळच्या सुमारास त्यांना जपानी आरमार दिसले. बातमी बिनतारी संदेशाने निघाली आणि लढाऊ विमानांनी कॅटलिना पाडली. नऊ जणांपैकी तिघे गेले, सहा जण कैदी झाले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला; पण कोलंबो गाफील नव्हते. त्याच दिवशी समुद्रात ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या दोन ब्रिटिश युद्धनौका बुडाल्या, आणि ६ एप्रिलला आपल्या विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. इतक्या जवळून गेलेले हे युद्ध मला वर्गात भेटले नाही, लांबी भरताना भेटले.

माझ्या डब्यातली कॅटलिना चाकांची आहे. बिर्चाल यांची चाकांची नव्हती. म्हणून दोन्ही कुशींतले चाकांचे खळगे बुजवावे लागले. आता प्रश्न रंगाचा. हल्ली पुष्कळ हौशी मंडळी विमानावर गंजाचे ओघळ काढतात. अहो, ॲल्युमिनियमला कधी तांबेरा चढतो का? हे विमान म्हणजे मुंबईच्या धक्क्यावरचा जुना तराफा नव्हे! शिवाय बिर्चाल यांना सिलोनला येऊन दोनच दिवस झाले होते. त्याआधी त्यांचे पथक स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर होते. तेव्हा उन्हाने विटलेला रंग देणे चूक. थंड समुद्राचे मीठ, तळाशी पाण्याने घासलेल्या कडा, इंजिनामागे पंखावर धुराचा पट्टा, एवढेच. जे घडले नसेल ते रंगवू नये, मग ते कितीही शोभो.

डब्यात माणूस एकही नव्हता. यंत्राच्या चौदा-चौदा सिलिंडरांची नक्षी आहे, आणि आत बसणारे नऊ जण नाहीत! ते मी तांब्याच्या बारीक तारेवर लांबी चढवून करतो आहे. एकेक जण अडीच सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. बिर्चाल झाले, बिनतारी संदेशवाला झाला. फुग्यापाशी बसणाऱ्याची मान नीट वळलेली दिसत नव्हती. वडिलांनी ती परवा होडीच्या खिळ्याच्या टोकाने वळवून दिली. सहा राहिले आहेत.