मालकाचे गाव आणि आठ तासांचा दिवस

पियानोवर सोनेरी अक्षरांत झळकणारे ‘स्टाइनवे’ हे नाव मुळात एका स्थलांतरित जर्मन कारागिराचे. १८४८ ची जर्मन क्रांती चिरडली गेली आणि पुढच्याच वर्षी हाइनरिश स्टाइनवेग याचा मुलगा कार्ल न्यूयॉर्कला गेला. १८५० साली पन्नाशी उलटलेला बापही बहुतेक कुटुंबासह त्याच्या पाठोपाठ निघाला. आरंभीची काही वर्षे या बापलेकांनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत मजुरी केली. १८५३ साली त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

या घराण्याची कल्पकता कोणी नाकारणार नाही. मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याच्या रचनेचे पेटंट त्यांनी १८५९ साली घेतले. परंतु लाकूड तासणारे, तारा ताणणारे, सूर जुळविणारे हात होते ते प्रामुख्याने त्यांच्यासारख्याच देशोधडीला लागलेल्या जर्मनांचे.

१८७२ साली न्यूयॉर्कच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप पुकारला, तेव्हा हे हातही थांबले. कारखान्याची सूत्रे त्या वेळी विल्यम या मुलाकडे होती. पोरवयात त्याने स्वतः परक्या कारखान्यात उमेदवारी केली होती. तो मजुरी वाढवून द्यावयास तयार झाला, तास कमी करावयास मात्र नाही. अखेर आठ तास पदरात न पडताच कामगारांना परतावे लागले.

याच सुमारास विल्यमने शहराबाहेर अ‍ॅस्टोरिया येथे सुमारे चारशे एकर जमीन घेऊन कामगारांचे गाव वसविले. घरे, शाळा, बालवाडी, ग्रंथालय, सारे काही तेथे होते. शहरातील कोंदट चाळींपेक्षा ते जिणे खचितच बरे होते. पण या स्थलांतरामागचा एक हेतू त्याने पुढे उघड सांगितला: कामगारांना समाजवादी आणि अराज्यवादी यांच्यापासून दूर ठेवणे! तरीही १८८० साली पुन्हा संप झालाच.

कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मालक एके काळी मजूर होता, एवढ्याने तो मजुरांचा राहत नाही. आणि मालकाने दिलेली सोय कितीही चांगली असली, तरी ती हक्काची जागा घेऊ शकत नाही; जो देतो, तोच ती काढूनही घेऊ शकतो. विल्यमने घरे दिली, ग्रंथालय दिले. कामगारांनी मागितला होता तो स्वतःचा वेळ, आणि तो तेवढा त्याने दिला नाही.